चेनसॉची ताकद दुप्पट, पेट्रोल निम्मं? आधी पिस्टनला विचारा

'चेनसॉची ताकद दुप्पट, पेट्रोल निम्मं, खर्च शून्य' असा पेट्रोलवर चालणाऱ्या लाकूड कापायच्या करवतीबद्दलचा एक मेसेज फिरतोय. उपाय पाच: सायलेन्सरची जाळी काढून तोंड मोठं करा, कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) अर्धा आटा आत फिरवा, लिटरला २० मिलीऐवजी १० मिली ऑइल टाका, सिलिंडरखालचं पॅकिंग काढा आणि टाकीत दोन डांबरगोळ्या सोडा. मुळशीच्या मेहुण्याने तो मला पाठवून खाली लिहिलं, "दाजी, रविवारी करून टाकू का?" नाहीतर मी या भानगडीत पडलोच नसतो.

आधी ऑइल, कारण मशीन मरणार ती इथेच. लूना आणि जुन्या चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांवर वाढलेल्या पुण्यात हे सांगावं लागतंय याचंच नवल. चेनसॉचं इंजिनही टू-स्ट्रोकच, त्याला ऑइलची वेगळी टाकी खाली नसते. क्रँकची बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या टूटीतूनच, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइलमधूनच. चेनसॉ बनवणाऱ्या स्टिल कंपनीची जुनी पुस्तिका उघडा: त्यांच्या स्वतःच्या ऑइलला १:५०, म्हणजे लिटरला २० मिली, दुसऱ्या कुठल्या ब्रँडचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १:२५, म्हणजे ४० मिली. मेहुणा कोपऱ्यावरच्या दुकानातलं टूटी वापरतो. म्हणजे त्याच्या मशीनला हवं त्याच्या पाव ऑइल!

त्यात एच स्क्रू आत. पेट्रोल कमी, हवा तेवढीच, मिक्चर लीन. मोकळी रेस केली की आवाज चढतो, आरपीएम वाढतात आणि माणूस खूश. अहो, ताकद हवेत नाही, लाकडात कळते. नीट लावलेल्या मशीनचा मोकळ्या रेसला आवाज जरा फुटका येतो आणि लाकडात शिरल्यावर साफ होतो. मेसेजवाल्याला तो फुटकेपणाच बिघाड वाटलाय. शिवाय पेट्रोल कमी केलं की त्यातून येणारं ऑइलही कमी होतं, आणि आत पेट्रोलची वाफ होताना मिळणारा गारवाही. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिक्चर आधीच थोडं लीन झालेलं असतं. त्यावर हा अर्धा आटा म्हणजे पिस्टनवर उभे ओरखडे, चिकटलेली रिंग आणि नवा पिस्टन-सिलिंडर सेट. वाचलेल्या पेट्रोलच्या पैशात तो येतो का, हिशेब करा.

सायलेन्सरचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी तोंड अरुंद ठेवलेलं असतं. मोकळं केलं तर थोडी ताकद मिळते. पण मग एच स्क्रू बाहेर काढून पेट्रोल वाढवावं लागतं. म्हणजे पहिला उपाय दुसऱ्याच्या बरोबर उलट, आणि दोन्ही एकाच मेसेजमध्ये! जाळी तर ठिणग्या अडवायला असते. एप्रिलमध्ये डोंगरउतारावर वाळलेल्या गवतात बिनजाळीची मशीन चालवणाऱ्याने वणव्याची जबाबदारीही घ्यावी. कार्बनने तुंबली असेल तर ब्रशने साफ करा, संपलं.

पॅकिंग काढलं की कॉम्प्रेशन वाढतं, हो. पण पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली मिक्चर आत आणि धूर बाहेर जायची भोकं, उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते, आणि पिस्टन व हेडमधली फट मोजली नसेल तर पिस्टन वर आपटू शकतो. फट मोजायचं मेसेजमध्ये नाव नाही.

डांबरगोळ्या कपाटात ठेवा. पेट्रोल उडालं की विरघळलेलं नॅप्थलीन पुन्हा खडे धरतं, तेही कार्बोरेटरच्या बारीक भोकांत.

पेट्रोल वाया जातं हे खरंच. एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतानाच ताजं मिक्चर आत येतं आणि त्यातलं बरंचसं न जळता बाहेर पडतं. आधी नुसत्या हवेचा थर सोडणारी नवी इंजिनं ही गळती कमी करतात. तो रचनेतला फरक आहे, स्क्रूने येत नाही. मेहुण्याला मी एवढंच विचारलं की भुसा कसा पडतोय. "पिठासारखा," म्हणाला. मग धार गेलीय चेनची. गोल कानस घे आणि दातांना धार लाव.