बत्तीसपैकी एकोणीस

पोरीने गिरक्या मोजल्या होत्या. एकोणीस. घरी येताना रिक्षात तिने तीनदा ऐकवलं, "आई, बत्तीस असतात गं. तिने एकोणीसच मारल्या आणि मग नुसती गोल गोल पळत गेली."

मागच्या महिन्यात ठाण्यात एका परदेशी मंडळाचा बॅले झाला, त्याची ही गोष्ट. सभागृहाचं नाव घेत नाही, आयोजकांचंही नाही. गडकरी नाही आणि घाणेकरही नाही, तेव्हा कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका. 'स्वान लेक' होतं. आम्ही तिघी गेलो होतो: मी, माझी आठवीतली मुलगी (भरतनाट्यम शिकते, बॅले यूट्यूबवर बघते) आणि सासूबाई. सासूबाई कुडाळच्या. नाच म्हटलं की त्यांच्यासाठी दशावतार, बाकी सगळं 'टीव्हीवरचां'.

त्या बत्तीस गिरक्यांबद्दल थोडं सांगते, कारण मलाही पोरीमुळेच कळलं. तिसऱ्या अंकात काळी हंसीण, ओडिल, राजपुत्राला भुलवते. तेव्हा ती एका पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून दुसरा पाय चाबकासारखा फिरवत एका जागी बत्तीस वेळा गरगरते. 'स्वान लेक' पहिल्यांदा झालं १८७७ मध्ये मॉस्कोला. पण आज जगभर बघतात ते बहुतेक १८९५ च्या पीटर्सबर्गच्या प्रयोगावर बेतलेलं असतं, आणि त्यात पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन नर्तकीने या बत्तीस गिरक्या घेतल्या. तेव्हापासून हे प्रत्येक ओडिलच्या मानगुटीवर बसलेलं आहे. आपल्याकडे नाट्यसंगीतात एखादी ठरावीक जागा गायकाने घेतली नाही की मागच्या रांगेतले आजोबा कसे चुळबुळतात, तसंच.

तर, एकोणीस का? पोरीला वाटलं फसवणूक झाली. मला तसं वाटत नाही, कारण मी सकाळी जे बघितलं होतं ते तिने बघितलं नव्हतं.

आमच्या तीन तिकिटांपैकी एक दुसऱ्याच रांगेतलं आलं होतं, म्हणून सकाळी अकराला मी बदलून घ्यायला गेले. खिडकी बंद. बाजूच्या दारावर वॉचमनदादा होते, त्यांना विचारायला गेले तर दार अर्धं उघडं आणि आत स्टेजवर सगळी मंडळी. अंगावर जुने ढगळ स्वेटर, पायांत लोकरीचे पायमोजे, केस कसेतरी वर बांधलेले. हॉलच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकजण एका हाताने खुर्चीची पाठ धरून गुडघ्यात वाकतोय, उठतोय, वाकतोय, उठतोय. मोबाइलवर पियानो वाजत होता. एक मुलगी पायरीवर बसून नव्याकोऱ्या गुलाबी बुटाचं नाक पायरीच्या कडेवर दणादण आपटत होती. मला वाटलं रागावली आहे. नंतर पोरीने सांगितलं की बूट मऊ करतात तसे, नाहीतर स्टेजवर फार वाजतात. त्या बुटाच्या टोकात लाकूड नसतं. कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असतात, आणि घामाने ते मऊ पडत जातात. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोड संपू शकतो.

कोपऱ्यात लाकडी ट्रे होता, त्यात पिवळसर खडे. येता-जाता प्रत्येकजण त्यात बुटाचं टोक चुरडत होता. वॉचमनदादा हळूच म्हणाले, "मॅडम, ती खडीसाखर आहे का?" घरी येऊन सासूबाईंना वर्णन केलं तर त्या एका क्षणात, "राळ गो ती!" राळच. पाय सरकू नये म्हणून. आपल्याकडे जुन्या नाटकांत राक्षस आला की पलित्यावर उडवायचे, त्याच जातीची. (मी या पोस्टमध्ये उडवणार आहे ती वेगळी.)

मी विचारलं, "कधीपासून चाललंय?" दादा म्हणाले, "नऊपासून. नुसती उठबस. पण बघायला बरं वाटतंय."

माझं म्हणणं सगळं इथेच आहे. त्या दिवशी ठाण्यात बॅलेचा सगळ्यात चांगला प्रयोग सकाळी नऊ ते बारा चालला होता. बघणारे दोन: एक वॉचमन आणि एक चुकीच्या तिकिटाची बाई. हा रोजच्या सरावाचा क्लास जगातली कुठलीही बॅले कंपनी चुकवत नाही, दौऱ्यावर असली तरी. त्याला वेगळा खर्च नाही, वेगळी तालीम नाही. शेजारच्या दोन शाळांतली शंभर मुलं आणून गुपचूप खुर्च्यांवर बसवली असती तर आयोजकांचं काय गेलं असतं? परदेशात कंपन्या असे क्लास प्रेक्षकांना खुले ठेवतात. अमेरिकेतला नृत्यरचनाकार आल्विन एली शाळकरी असताना सहलीबरोबर लॉस एंजलिसमध्ये दौऱ्यावरची बॅले रूस द माँटे कार्लो ही कंपनी बघायला गेला होता. पुढे १९५८ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि ती आजही जगभर फिरते आहे.

संध्याकाळी आम्हाला काय मिळालं? मध्यंतरं धरून अडीच-तीन तास चालणारी गोष्ट सव्वा तासात. टेपवरचं संगीत. चोवीस हंसांच्या जागी दहा. मागे छापील पडदा, त्यावरच्या तळ्याला मधोमध घडीची रेघ. आणि दर दहा मिनिटांनी काळोखातून येणारा इंग्रजी निवेदक, जो आम्हाला सांगत होता की आता राजपुत्र दुःखी आहे. दिसत होतं हो आम्हाला.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा आक्षेप नाही. चायकोव्हस्कीचं संगीत खरोखर वाजवायचं तर पन्नासेक वादक लागतात. त्यांची विमानं, व्हिसा, हॉटेल कोण भरणार? आमचं तिकीट बाराशेचं होतं, ते पाच हजारांचं झालं असतं. दहा हंस चालतील. छापील पडदा चालेल. सासूबाईंच्या दशावतारात तर एक बाकडं असतं, तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच पुतनेची शय्या. पेटी, मृदंग, झांज, झालं. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन या जत्रेतून त्या जत्रेला चालत जायची. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्यांच्यावरूनच आली. पण बाकड्यावर बसलेला तो राजा त्या रात्री एक गाव छोटं आहे म्हणून अर्धा राजा होत नाही. सगळं कापून झालं तरी नाचणाऱ्याला आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीला कात्री लावायची नसते.

आणि इथे नेमकी जमीनच कापली होती. बॅलेला थोडा दबणारा मंच लागतो, खाली पोकळी किंवा रबर, वर विनाइलची चादर. आपली बहुतेक नाट्यगृहं बोलण्याच्या नाटकांसाठी बांधलेली, त्यामुळे फळ्या असतात तशा असतात. आयोजकांनी किमान चादर तरी नीट आणायला हवी होती. मधला जोड उचललेला मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता. चंदेरी चिकटपट्टी सुटून वर आलेली.

चार छोट्या हंसांचा नाच असतो, सगळ्यांनी बघितलेला असेल, रील्सवरही फिरतो. चौघी हात फुलीसारखे एकमेकींत गुंतवून, एका लयीत माना वळवत, टकटकटक पाय टाकत आडव्या जातात. हे 'टकटक' टीव्हीवर ऐकू येत नाही. समोर बसलं की बुटांचा आवाज येतो, श्वासाचा येतो, आणि परीकथा एकदम कष्टाची वाटायला लागते. मला ते फार आवडलं. जोडावर आल्यावर तिसरीचा पाय सरकला. गुडघा टेकला तिचा. पण हात गुंतलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दोघींनी, चेहऱ्यावरचं हसू न हलवता, तिला हातांवर उचलून पुढच्या तालाला उभं केलं. हॉल गप्प. सासूबाई मला चिकटून, मोठ्याने, "चेडू पडलां, पण कोणी हात सोडूक नाय!"

मग टाळ्या. काही शिट्ट्यासुद्धा. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून आम्हा सगळ्यांना "श्श्" केलं. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की बॅलेत मध्येच टाळ्या वाजवायची पद्धत आहे. त्या बत्तीस गिरक्यांना तर गिरक्या चालू असतानाच वाजतात. ज्या प्रेक्षकाच्या पणजोबांनी संगीत नाटकात 'वन्स मोअर' देऊन रात्रीची पहाट केली, त्याला गप्प बसायला शिकवू नका प्लीज.

पुढे तिसऱ्या अंकात सकाळची निळ्या स्वेटरवाली (क्लासमध्ये सगळ्यात पुढे तीच होती) काळ्या पोशाखात आली. त्याच जोडापासून हातभर अंतरावर तिने गिरक्या सुरू केल्या. गिरकी घेताना उभा पाय इंचइंच पुढे सरकत जातो, आणि तिचा सरकत होता त्या पट्टीच्या दिशेने. एकोणिसाव्या गिरकीनंतर तिने पवित्रा बदलला आणि स्टेजभर मोठा गोल घेत सुरक्षित कोपऱ्यात पोचली. पोरीला फसवल्यासारखं वाटलं. मला वाटतं, बाईने शहाणपणा केला. बत्तीसचा हट्ट धरून घोटा मोडून घेतला असता तर उद्या पुण्यात कोण नाचलं असतं?

दौऱ्यावरचा बॅले म्हणजे दुय्यम, असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव: रशियन नर्तकी आना पावलोवा. ही बाई आयुष्यभर फिरली. मेक्सिकोत तर बैलांच्या झुंजीच्या आखाड्यात नाचली. तिच्या संगीताच्या निवडीवर, बरोबरच्या मंडळींवर समीक्षकांनी भरपूर नाकं मुरडली. पण ती स्वतः आखाड्यात हात राखून आणि लंडनमध्ये जीव ओतून नाचली, असं कोणी म्हटलेलं नाही. १९१७ मध्ये पेरूतल्या लिमाला तिला एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने बघितलं. तो नृत्यरचनाकार फ्रेडरिक अ‍ॅश्टन, ज्याने पुढे इंग्लंडच्या रॉयल बॅलेला त्याचा चेहरा दिला.

आणि आपल्याकडे? १९२२-२३ च्या पूर्वेकडच्या दौऱ्यात ती भारतात आली, परत जाताना डोक्यात भारत घेऊन गेली. १९२३ मध्ये लंडनमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकरला हाताशी धरून तिने राधा-कृष्ण आणि हिंदू विवाह अशा दोन रचना केल्या. चित्रकार व्हायला गेलेला माणूस नर्तक झाला. १९२८ च्या सुमारास पुन्हा मुंबईत तिचे प्रयोग झाले ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी बघितले, पुढे बोटीवर ओळख झाली, तिच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे त्या थोडा बॅलेही शिकल्या. पावलोवाने त्यांना आपल्या देशाच्या नाचाकडे बघायला सांगितलं. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींची भरतनाट्यम शिकवणारी संस्था, कलाक्षेत्र, उभी राहिली. माझी मुलगी दर शनिवारी ज्या अडवूंवर (भरतनाट्यमच्या मूळ पावलांवर) पाय आपटते, त्यांना आज समाजात मान आहे, त्यामागच्या धाग्यांतला एक धागा मुंबईतल्या त्या तिकीटखिडकीपर्यंत जातो. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग पावलोवाच्या वेळी तरी लादी नीट होती का?" निरुत्तर.

'बॅले' हा शब्द आपल्याकडे काही काल आलेला नाही. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढलं, त्यातलं रामायण माणसं मुखवटे घालून कळसूत्री बाहुल्यांसारखी करायची. माझ्या मामांना अजून बॅले म्हटलं की तेच आठवतं. तेव्हा "ठाण्यात कोण बघणार बॅले" हा प्रश्न मला तरी विचारू नका. वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह मुंबईत येहुदा माओर यांच्याकडे शिकून २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. बघणारे आहेत आणि नाचणारेही आहेत.

प्रयोग छोटा करायला कोणाचीच ना नाही. इंग्लिश नॅशनल बॅले २०१२ पासून लहान मुलांसाठी मुद्दाम छोटे बॅले करते, निवेदकासकट, त्यांच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन. पण ते मुळात त्या मापाने बेतलेले असतात. मोठ्याचा सदरा कापून लहानाला घातला की खिसा गुडघ्यावर येतो, तसं आमच्या सव्वा तासाचं झालं होतं. राजपुत्र आणि ओडेट (पांढरी हंसीण) भेटतात तो संथ, सुंदर भाग, जिथे काही 'घडत' नाही म्हणून आयोजकांना वाटलं असेल नवीन लोक कंटाळतील, तोच अर्धा उडवला. आणि सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, बॅले पहिल्यांदाच, नेमक्या त्यातच पुढे सरकून बसल्या होत्या. "ह्येंचे पाय दुखनत नाय काय गो?" एवढंच एकदा विचारलं, मग गप्प. त्या कंटाळल्या निवेदकाला.

सुटल्यावर बाहेर रिक्षासाठी ही गर्दी. सासूबाई आणि पोर रांगेत, मी चपलेचा पट्टा बांधत मागे. बाजूच्या दारावर तेच वॉचमनदादा. डबल ड्यूटी. दारावर असल्यामुळे प्रयोग त्यांनी बघितलाच नव्हता.

"मॅडम, ती निळ्या स्वेटरवाली काय झाली होती?"

"हंसांची राणी. आणि ती काळीसुद्धा तीच."

"दोन्ही तिलाच दिलं?" ते खूश झाले, जणू घरातल्या कोणाचा निकाल लागला. "सकाळी साडेआठला तीच आली होती पहिली. मला हाताने खूण करून झाडू मागितला. सगळं स्टेज तिने एकटीने झाडलं."