मावशी, हृदय म्हणजे वाटून खायची पातोळी नव्हे

चवथीच्या आधी घरच्या ग्रुपवर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो चालले होते. मध्येच मावशीचा फॉरवर्ड आला: 'टेस्ट ट्यूबच्या जुळ्यांत एकच हृदय वाटलं जातं, प्रत्येकाला अर्धं. पोटावर इको केला तर किरणांनी तेही बिघडतं.' माझ्या वहिनीला आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूबचीच, जुळी आहेत, विसावा आठवडा चालू आहे. तिने फीटल इकोची, म्हणजे पोटातल्या बाळांच्या हृदयाच्या तपासणीची, अपॉइंटमेंटच रद्द केली. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही.

आधी किरणांचं. इको म्हणजे सोनोग्राफीच, त्यात एक्स-रे नसतात, आवाजाच्या लहरी असतात. ही तपासणी साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. पोटात ती मजेत वाढतात, कारण प्राणवायू वारेतून (प्लासेंटातून) मिळतो. जन्मल्यावर मात्र निळी पडू लागतात. आधी कळलं, तर बाळंतपण लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ असतील तिथे ठरवता येतं आणि जन्मताच प्रोस्टाग्लँडिन हे औषध सुरू करून ऑपरेशनपर्यंत वेळ मिळवता येतो. ही तपासणी टाळा म्हणून सांगायचं, वर हात जोडलेलं चित्र लावायचं!

आता 'अर्धं हृदय'. काही बाळांत हृदयाची डावी बाजू नीट वाढतच नाही. हा आजार खरा आहे, पण तो नैसर्गिक गर्भातल्या एकट्या बाळालाही होतो. भावंडाने वाटा नेला म्हणून नव्हे. वहिनीचे तर दोन वेगळे गर्भ, दोन वेगळ्या वारा. दोघांत एकच वार असती तर हृदयावर अधिक लक्ष ठेवावं लागलं असतं, एवढं खरं.



बरं, आयव्हीएफच्या बाळांत हृदयदोषाचा धोका थोडा जास्त असतो, तेही मान्य. २०२४ साली युरोपियन हार्ट जर्नलमध्ये डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ७७ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास आला. हृदयाचे मोठे दोष नैसर्गिक गर्भधारणेत १.१५ टक्के, आयव्हीएफसारख्या उपचारांनंतर १.८४ टक्के आणि त्यातल्या जुळ्या-तिळ्यांत २.४७ टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक मुलांत मोठा दोष नाही. उरलेल्यांसाठीच तर इको करायचा.

अपॉइंटमेंट परत घेतली आहे, गुरुवारी सकाळची. मावशी, वहिनीसोबत तूच जा. पडद्यावर दोन्ही हृदयं मोजून ये.