उपदाढा काढा, पण आधी झोपेचं विचारा

सांगलीच्या विश्रामबागेत ज्या घरात आठवी-नववीतलं पोर आहे, तिथे दाताच्या तारेचा विषय असतोच. त्यात आता व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ. म्हणे, तारेसाठी उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्यामधले दात) काढल्या की जबडा आक्रसतो, जिभेला जागा उरत नाही, श्वास कोंडतो, मग घोरणं आणि जन्माची डोकेदुखी. माझ्या नणंदेने यावरून लेकीची ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली. "वहिनी, चांगले धड दात उपटायचे म्हणजे काय!"

खुपतंच ते. वादही जुनाच आहे. अमेरिकेत दात सरळ करणारे आद्य डॉक्टर एडवर्ड अँगल दात काढायच्या ठाम विरोधात होते, १९११ मध्ये त्याच क्षेत्रातल्या कॅल्व्हिन केस यांनी त्यांना उघड आव्हान दिलं. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी, तार काढल्यावर बिघडलेल्या आपल्याच पेशंटच्या उपदाढा काढून उपचार नव्याने केले. १९८७ मध्ये मिशिगनमध्ये उपदाढा काढल्यानंतरच्या डोकेदुखी आणि जबडादुखीवरून एका ऑर्थोडॉन्टिस्टवर (तार लावणाऱ्या डॉक्टरवर) मोठी भरपाई बसली. त्यानंतर यावर भरपूर संशोधन झालं, आणि दात काढल्याने जबड्याचा सांधा बिघडतो हे काही सिद्ध झालं नाही.

झोपेचंही तसंच. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात साडेपाच हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या. उपदाढा नसलेल्यांत स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) सुमारे साडेनऊ टक्के, असलेल्यांत पावणेअकराच्या आसपास. म्हणजे फरक नाहीच. मोठ्या माणसाचे पुढचे दात बरेच मागे ओढले, तर जिभेमागची जागा कमी झालेली काही स्कॅनमध्ये दिसते, काहींत दिसत नाही. पण स्कॅनमधली अरुंद जागा म्हणजे आजार नव्हे. तो झोपेच्या तपासणीतच कळतो.

तरीही माझा राग व्हिडिओवाल्यांवर थोडा आणि दवाखान्यांवर जास्त आहे. एक्स-रे, फोटो, साचे, हप्ते, सगळं होतं. पोरगी तोंड उघडं टाकून झोपते का, घोरते का, सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखतं का, हे नणंदेला कुणी विचारलं नव्हतं. (भाची घोरते. लग्नात एका खोलीत झोपलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत आहे.) नाक चोंदलेलं, त्यामागच्या गाठी (अॅडेनॉइड) वाढलेल्या, टाळू अरुंद आणि दात वेडेवाकडे, हे पुष्कळदा एकाच पोरात सापडतं. मग दहा वर्षांनी घोरण्याचा दोष काढलेल्या दातांवर जातो. वाढत्या वयात टाळू रुंद करता येतो, मोठेपणी टाळूच्या मधला सांधा घट्ट होतो. म्हणून हे आत्ताच विचारायला हवं. अॅप्नियाची डोकेदुखी उठल्यावर काही तासांत ओसरते. दिवसभर कानशील ठणकत असेल तर दात आवळण्याची सवय किंवा मायग्रेनही असू शकतं, त्यात उपदाढांना ओढू नये.

डॉक्टरांना एक विचाराच: काढलेल्या दाताची जागा दातांची गर्दी मोडायला वापरणार, की पुढचे दात मागे न्यायला? आणि किती?

नणंदेला हे सगळं पटलंय असं नाही. पण मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय तिने. दातांचं त्यानंतर.