ब्लूग्रास ‘शेकडो वर्षं जुनं’? मग बिल मनरोंनी केलं काय?

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराचा विषय निघाला की एक विधान हमखास फिरवलं जातं: ‘हे अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या गोऱ्यांचं शेकडो वर्षं जुनं, शुद्ध लोकसंगीत. मेंडोलिनवादक आणि गायक बिल मनरोंनी ते जसंच्या तसं रेडिओवर आणलं, एवढंच.’ ऐकायला छान वाटतं. तपासायला घेतलं की उसवायला लागतं.

आधी डोंगर. मनरो जन्मले १९११ साली, रोझीन या गावी. ते पश्चिम केंटकीत. अ‍ॅपलेशियन डोंगर राहिले तिथून बरेच पूर्वेला. आईवडील लवकर गेले आणि विशीच्या आतच हा मुलगा भावांपाठोपाठ इंडियानात जाऊन तेल शुद्धीकरण कारखान्यात कामाला लागला. म्हणजे डोंगर सोडाच, वाटेत कारखान्याची पाळीसुद्धा आहे.

मेंडोलिनची निवडही काही परंपरेनं झाली नाही. थोरल्या भावांनी फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि गिटार आधीच बळकावले होते, धाकट्याच्या वाट्याला उरलं मेंडोलिन. त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून आठपैकी चारच तारा ठेवायला लावल्या म्हणे!

आता या संगीताचं वय. १९३९ साली मनरो आपले ‘ब्लू ग्रास बॉईज’ घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले, तेव्हा त्यांच्याकडे बँजो हे आज ब्लूग्रासची ओळख असलेलं तंतुवाद्य नव्हतंच. पुढे काही वर्षं बँडमध्ये चक्क अकॉर्डियन वाजत होतं, वाजवणाऱ्या सॅली अ‍ॅन फॉरेस्टर. आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात तो बाज जमला तो १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवण्याची शैली घेऊन आले त्यानंतर. लेस्टर फ्लॅट गिटारवर, चबी वाइज फिडलवर, आणि लय अशी पळती की नाचणाऱ्यांची दमछाक व्हावी. या प्रकाराला ब्लूग्रास हे नावसुद्धा १९५० च्या दशकात रुळलं, तेही याच बँडवरून. तीन बोटांचं वादन स्क्रग्जच्या आधी उत्तर कॅरोलायनात होतं, हे खरं. पण स्क्रग्जनी त्याला जी सफाई आणि वेग दिला, त्याने ऐकणारे थक्क झाले.

‘गोऱ्यांचं’ हा शब्द मात्र सर्वांत खटकतो. बँजोचे पूर्वजच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आले. आणि खुद्द मनरोंचा एक गुरू म्हणावा असा माणूस होता अर्नल्ड शुल्ट्झ, कोळसा खाणीत राबणारा कृष्णवर्णीय वादक. रात्रीच्या नाचाच्या कार्यक्रमांत शुल्ट्झ फिडल वाजवत आणि पोरसवदा बिल साथीला बसे. त्यांच्या ब्लूजचा (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा) आपल्या वादनावरचा ठसा मनरोंनी मुलाखतींतून मोकळेपणी सांगितला आहे. शुल्ट्झ १९३१ साली गेले, त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. नाव पुसलं जायला तेवढं पुरतं.

विधानात खरं काहीच नाही असंही नाही. मामा पेन व्हँडिव्हर यांच्या फिडलच्या चाली, चर्चमधली गाणी, स्कॉट-आयरिश वळणं हे सगळं मनरोंच्या संगीतात आहेच. पण ‘जसंच्या तसं’?

‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे आपलंच गाणं मनरोंनी १९४६ मध्ये तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये मुद्रित केलं होतं. १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीने ते उडत्या चालीत गायलं. मनरोंनी त्याच वर्षी ते पुन्हा मुद्रित केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झची, आणि पुढे वेग वाढवून थेट चार मात्रांवर उडी.