"महागडा गेमिंग सेट घेतला की हात दुखत नाही" हा मेसेज चुकीचा आहे, एकेक मुद्दा बघूया

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: दिवसभर कॉम्प्युटरवर काम आणि रात्री गेम, दोन्ही करत असाल तर साधा माउस-कीबोर्ड फेका आणि गेमिंगचा सेट घ्या. डीपीआय जितका जास्त तितका हाताला आराम, मेकॅनिकल कीबोर्डने बोटं दुखत नाहीत, वायरलेस अजिबात नको, मनगटाखाली कायम जेलचा पॅड हवा, कीबोर्डचे मागचे पाय उभे करा, आणि आवडलं नाही तर परत करता येतंच.

मी दिवसा डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडायचं काम करतो, रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो आणि दोन्हीला तोच हात वापरतो. कोविडनंतर गावाकडे घरी बसून काम करणारी कितीतरी पोरं झालीत, ती हा मेसेज वाचून पैसे घालतायत आणि हात तसाच दुखतोय, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी डीपीआय. माउस एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला किती पावलं सरकल्याचं कळवतो, तो हा आकडा, याचा आरामाशी थेट संबंध नाही. खोक्यावर २६००० लिहिलेलं असतं, पण तुमचा स्क्रीन आडवा १९२० पिक्सेलचा, म्हणजे विंडोजमधला वेग मधल्या खुणेवर ठेवून त्या सेटिंगला माउस एक इंच हलला की कर्सर तेरा स्क्रीन ओलांडून जाईल. तसं कोणी वापरत नाही. स्पर्धेत खेळणारे बहुतेक जण ४०० ते १६०० च्या मधेच असतात. उलट डीपीआय फार वाढवला की कर्सर जागेवर ठेवायला बोटं आणि मनगट सतत आवळून धरावं लागतं आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. ८०० लावा, आणि नेम धरताना मनगट न वळवता कोपरापासून अख्खा हात सरकवायची सवय लावा.

आता हात सरकवायचा तर जागा पाहिजे ना. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी (गेममधला वळण्याचा वेग) ठेवली तर गेममध्ये गोल फिरून परत तिथेच बघायला माउस साधारण ४० सेंटीमीटर सरकवावा लागतो. दुकानात फुकट मिळतो तो एवढासा पॅड याला पुरणार कसा? आणि उजवीकडे नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड असेल तर माउस इतका लांब जातो की खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. मोठा कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद, नंबरपॅड नसलेला साधारण ३६, म्हणजे ८ सेंटीमीटर जागा मिळाली, आणि माझ्या मते खांद्यासाठी तीच सगळ्यात स्वस्तातली सुधारणा आहे. पण आंब्याच्या सीझनला पेट्यांची बिलं टॅलीत मारणाऱ्या माणसाला नंबरपॅड नको असं मी कसं सांगणार! त्याने सुटा यूएसबी नंबरपॅड घेऊन डावीकडे ठेवावा, थोडे दिवस चुकेल, मग हात बसतो.

मेकॅनिकल कीबोर्डचा मुद्दा अर्धा खरा आहे. साध्या मेंब्रेन कीबोर्डचं बटण बहुतेक वेळा तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही, मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो आणि त्याचा प्रकार रंगावरून ओळखतात, लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो आणि ४ मिलिमीटरपैकी २ मिलिमीटर खाली गेलं की अक्षर पडतं. पण आपण ते हलकं दाबलं तरच फायदा, ठाण ठाण आपटत टाइप करणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्यातून कोणीतरी निळा स्विच घेतो कारण आवाज छान येतो, तो जास्त कडक असतो, शिवाय रात्री घरातली माणसं झोपलेली. आणि बहुतेक मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतात, पुढची कडच जवळपास २ सेंटीमीटर, त्यामुळे मनगट मागे मोडतं. घ्यायचाच तर लाल किंवा तपकिरी स्विचचा, शक्यतो कमी उंचीचा.

पण मराठी टाइप करणाऱ्यांबद्दल तो मेसेज एक अक्षर बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीत ख, घ, थ, ध, फ, भ, ळ ही सगळी अक्षरं उजव्या हाताच्या बटणांवर आणि सगळी शिफ्ट दाबून. "खळं" लिहायचं म्हटलं तरी दोन अक्षरांना दोनदा शिफ्ट, आणि ती दाबते डावी करंगळी. ग्रामपंचायतीचे ठराव, लग्नपत्रिका, नाट्यमंडळाची हँडबिलं, दिवसभर हेच चालू असतं. मग रात्री व्हॅलोरंट लावलं की हळू चालायला डावी शिफ्ट आणि खाली बसायला डावा कंट्रोल, परत तीच करंगळी! हातातलं सगळ्यात अशक्त बोट सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत राबतंय, तुम्ही कितीही भारी कीबोर्ड आणा, बटण तेच आणि बोट तेच.

याला उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चालणं किंवा बसणं माउसच्या अंगठ्याजवळच्या बटणावर टाका, म्हणून मी म्हणतो माउस घेताना बाजूची दोन बटणं असलेला बघा, ती खरंच उपयोगी पडतात. आणि टायपिंगसाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज चालू करा, शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचं, धरून ठेवावं लागत नाही. लागोपाठ पाचदा शिफ्ट दाबली की जी खिडकी उघडते आणि आपण वैतागून बंद करतो तीच ही सोय. गेम सुरू करायच्या आधी मात्र आठवणीने बंद करा.

वायरलेस नको हे आता जुनं झालं. डोंगलवर (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसिव्हरवर) चालणारे चांगले वायरलेस माउस सेकंदाला १००० वेळा माहिती पाठवतात, वायरवाल्याएवढेच, आणि मोठमोठ्या स्पर्धांत खेळाडू तेच वापरतात. हां, ब्लूटूथवर गेम खेळू नका, ते हळूच असतं, पण ऑफिसच्या कामाला चालतं. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल आणि तिथे हार्डडिस्क लावलेली असेल तर माउस अडखळतो कारण यूएसबी ३ चा गोंगाट डोंगलच्याच रेडिओ लहरींमध्ये पडतो, एक्स्टेन्शनची छोटी वायर लावून डोंगल माउसजवळ आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. आणि वायर टेबलाच्या कडेला घासून ओढली जात नाही हाही आरामच.

मनगटाखालच्या जेलच्या पॅडबद्दल जरा थांबून वाचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात त्याच भागात मधोमध एक अरुंद बोगदा आहे आणि त्यातून बोटांच्या नसा जातात. टाइप करताना किंवा माउस चालवताना नेमका तोच भाग पॅडवर टेकवून ठेवला तर आपण बाहेरून दाब देतोय. पॅड असावा, पण टायपिंग थांबल्यावर तळव्याचा खालचा गादीसारखा भाग टेकवायला, हात चालू असताना मनगट तरंगतं पाहिजे. कीबोर्डचे मागचे पाय उभे करणंही तसंच, त्याने अक्षरं दिसायला सोपी होतात पण मनगट आणखी मागे वाकतं. मिटून टाका.

खरा घोळ बऱ्याच घरांत टेबलाचा असतो. आपण जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडतो, ते जवळपास ७५ सेंटीमीटर उंच, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची, मग खांदे वर चढतात आणि कोपर टेबलाच्या धारेवर रुततं. खुर्चीवर जाड उशी घ्या, कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत, आणि पाय लोंबायला लागले तर खाली पाट ठेवा. पाट प्रत्येक घरात असतोच.

कोपराचं यासाठी सांगतो की दुखणं कुठलं ते ओळखता आलं पाहिजे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल तर बहुधा मनगटातली नस. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपराकडची नस, तिथे माउस बदलून काही होणार नाही. यातलं काहीही आठवड्याभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे जा, पार्सलची वाट बघत बसू नका.

माउसचं माप सांगतो. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा, १७ सेंटीमीटरच्या आत लहान हात, २० च्या वर मोठा. अख्खा तळवा टेकवून धरत असाल तर लांब आणि फुगीर माउस, बोटांच्या टोकांनी धरत असाल तर लहान आणि हलका, ६० ग्रॅमच्या आसपासचे मिळतात आता. उभा माउस कामाला खूप चांगला, हात पालथा पिळला जात नाही, पण नेम धरायच्या गेमला मला तो जमत नाही, दोन वेगळे ठेवलेले बरे.

आणि आपल्या हवेचं कोण बघणार? रबरी मऊ कोटिंगचे माउस इथल्या दमटपणात काही वर्षांत चिकट होतात, घासून निघत नाही, साध्या खरखरीत प्लास्टिकचा घ्या. खाऱ्या हवेत क्लिकच्या आतले पत्रे खराब झाले की एका क्लिकचे दोन व्हायला लागतात, ऑप्टिकल स्विचला ते पत्रेच नसतात, प्रकाशावर चालतं, म्हणून किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने थोडे जास्त गेले तरी तेच बघावं. कापडी पॅडला पावसाळ्यात बुरशी धरते, धुवून पंख्याखाली पूर्ण वाळवा.

राहिलं ते "परत करता येतंच". शहरात येत असेल, आमच्याकडे वाडीपर्यंत पार्सल कसंबसं पोचतं आणि परत न्यायला बऱ्याच ठिकाणी कोणी येतच नाही, वस्तू घरात पडून राहते. त्यापेक्षा गणपतीला मुंबईची मंडळी येतात, त्यांच्यातल्या कोणाकडे जो माउस असेल तो तासभर मागून घ्या आणि आपल्याच टेबलावर, आपल्याच खुर्चीत बसून वापरून बघा, पाच मिनिटांत काही कळत नाही, अर्ध्या तासानंतर करंगळी कुठे टेकते आणि अंगठा कुठे घासतो ते कळायला लागतं.