पाटी रोज पुसली जात होती

गेल्या शनिवारी बडोद्याजवळच्या वाघोडिया तालुक्यातल्या एका गावात जाणं झालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या सेवाभावी क्लबनं तिथल्या आंगणवाडीवर सोलर बसवलं होतं. त्या दिवसाचे फोटो माझ्या प्रोफाइलवर अजून आहेत. रिबन, श्रीफळ, गुलाबाचे हार, आणि पहिल्या रांगेत मी. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. शनिवारी भाचीच्या सासरी त्याच रस्त्यानं निघालो होतो, म्हटलं वाटेत डोकावून येऊ.

अकरा वाजले होते. स्लॅब तापलेला. खोलीत वीसेक मुलं, निम्म्यांनी सदरे काढून ठेवलेले. एक लहानगी चटईवर झोपली होती आणि आंगणवाडी चालवणाऱ्या कार्यकर बेन पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होत्या. डोक्यावर आम्ही बसवलेले दोन्ही पंखे स्थिर.

"बेन, पंखा?"

"काका, ए तो क्यारनो बंध छे." दिवाळीच्या आधीपासून, असं त्यांनी बोटं मोजून सांगितलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

मी मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात 34 वर्षं काढलेला माणूस. शिडी मागवली आणि गच्चीवर गेलो. पॅनलवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. शेजारच्या कडुनिंबाची एक फांदी तीन वर्षांत वाढून बरोबर एका कोपऱ्यावर आली होती. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली की नुकसान तेवढ्या कोपऱ्याचंच होत नाही. पाण्याच्या पाइपवर कुणी पाय ठेवावा तसं होतं, अख्खी धार बारीक होते. खाली येऊन बॅटरी उघडली. टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार, पाण्याची पातळी दाखवणारे सगळे फ्लोट तळाला, प्लेटा उघड्या पडलेल्या. डिस्टिल्ड वॉटर पहिल्या दिवशी घातलं तेवढंच. अशी बॅटरी परत जिवंत होत नाही.

गावात वीज होती. भिंतीवरचा जुना बल्ब लागत होता. पण पंखे आम्ही मोठ्या हौसेनं मेनलाइनवरून काढून इन्व्हर्टरवर घेतले होते. म्हणजे आम्ही गेलो नसतो तर त्या मुलांचे पंखे आज चालू असते.

दाराशेजारी आमची पाटी आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, सात नावं. ती लखलखत होती. बेन रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात. उद्घाटनाच्या दिवशी "पाटी स्वच्छ ठेवा हं" असं आमच्यापैकी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. पॅनल पुसायचं असतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांना ते माहीत होतं त्यात मीही होतो.

मग बेननी फोन का केला नाही? केला होता. पाटीवर ज्यांचं नाव पहिलं, त्यांना. ते तेव्हाचे प्रेसिडेंट. त्यांनी "आता नवीन बोर्ड आहे, कळवतो" (बोर्ड म्हणजे क्लबची कार्यकारिणी) म्हणून सांगितलं, कदाचित कळवलंही असेल. नव्या प्रेसिडेंटनं शहरातल्या तपासणी शिबिरांचं वर्ष ठरवलं होतं, त्याच्या पुढच्यानं झाडांचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माणसं बदलली आणि काम मधल्यामध्ये खाली पडलं.

आपल्या सगळ्या सेवाभावी क्लबांच्या दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतं. 1 जुलैला नवं वर्ष सुरू होतं. इन्स्टॉलेशनचा, म्हणजे पदग्रहणाचा, समारंभ होतो, नवा प्रेसिडेंट येतो, आणि बाराव्या महिन्याच्या आत त्याला "माझ्या वर्षात काय झालं" हे दाखवायचं असतं. बारा महिन्यांत इमारत उभी राहते, पॅनल चढतं, टीव्ही लागतो. मूल बारा महिन्यांत घडत नाही. मोठं होणं राहू दे, निदान तीन वर्षांचं आलेलं पोर सहाव्या वर्षी पहिलीत जाईपर्यंत तरी कुणीतरी तिथे यायला हवं की नाही?

क्लबांना हे जमत नाही असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. रोटरीनं पोलिओचं काम 1985 साली हातात घेतलं. भारतात पल्स पोलिओ 1995 ला सुरू झालं, शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. किती प्रेसिडेंट आले आणि गेले असतील मधल्या वर्षांत! तरी प्रत्येकानं तेच काम पुढे नेलं. मांडवीजवळच्या बूथवर मी किती रविवार उभा राहिलो आहे. दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, पुढचं मूल. त्यात नवीन काही नव्हतं आणि कुणाच्या नावाची पाटीही नव्हती. म्हणूनच ते झालं असं मला मनापासून वाटतं.

आणि आपण तर बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली भागात करून पाहिलं, आणि संपूर्ण संस्थानात लागू केलं ते 1906 मध्ये. मध्ये तेरा वर्षं आहेत. राजा होते, दुसऱ्याच दिवशी सगळीकडे फर्मान काढू शकले असते.

आता आंगणवाडीच्या आतलं सांगतो, कारण पंखा एवढीच चूक नव्हती.

माझी बायको इथल्या विद्यापीठात होम सायन्स शिकली, बालविकास हा तिचा विषय, आणि पुढे पंचवीस वर्षं बालवाडीच घेतली. दोन दिवसांनी मी तिला सोबत घेऊन गेलो. ती आत शिरली आणि थेट कपाटापाशी गेली. कपाटाला कुलूप. उघडायला लावलं तर आम्ही दिलेला खेळण्यांचा संच जसाच्या तसा, लाकडी ठोकळ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. बेन म्हणाल्या, "मोडलं तर रजिस्टरमध्ये काय लिहू?" डेड स्टॉकमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद आहे, तपासणीला मोजून दाखवावं लागतं. त्या माउलीचं काय चुकलं? आम्ही वस्तू दिली आणि मोडायची मुभा दिली नाही.

बायको काही बोलली नाही. ओटीत चिंचोके, वाल आणि गुंजा घेऊन आली होती, ते सगळं एका परातीत मिसळून तिनं मुलांच्या मधे ठेवलं. चार वाट्या मांडल्या. कुणाला काही सांगितलं नाही. एक चार वर्षांचा मुलगा, नाक वाहतंय, चड्डी एका हातानं धरलेली, तो आला आणि चिंचोके वेगळे काढायला लागला. मग चड्डी सोडून दोन्ही हात. वीस मिनिटं त्यानं मान वर केली नाही. मध्येच एक गुंज उचलून उजेडात धरली, लाल बाजू, काळा ठिपका, परत लाल बाजू, आणि मग तिच्यासाठी पाचवी वाटी मागितली. (गुंजा जाताना मोजून परत घेतल्या. विषारी असतात, तोंडात जाता कामा नयेत. पुढच्या वेळी त्यांच्याऐवजी करंजाच्या बिया नेऊ या असं मी सुचवलं तर म्हणाली, त्याही नकोत, राजमा ने.)

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 म्हणतं की मुलाच्या मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. धोरणाच्या कागदावर हे वाक्य मी वाचलं होतं. त्या परातीसमोर ते घडताना पाहिलं.

भावनगरला 1920 मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. वकिली सोडून आलेला माणूस. तिथे त्यांच्यासोबत काम करायला आपल्या ताराबाई मोडक गेल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी आयुष्य दिलं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही आंगणवाडीची कल्पना ताराबाईंची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा. साधनं कसली, तर शिंपले, खडे, बिया, पानं. गुजरात आणि मराठी माणूस यांनी मिळून उभं केलेलं हे काम आहे आणि आपण त्याच गुजरातेत बसून तीन वर्षांच्या मुलांना 43 इंची स्मार्ट टीव्ही देतो! आमच्याच क्लबपुढे या वर्षी असे दोन प्रस्ताव आहेत. मी दोन्हींना विरोध केला आहे आणि करत राहणार. त्या वयाच्या मुलाला हाताला वाळू, पाणी, माती लागते आणि उत्तर देणारं माणूस लागतं. टीव्ही उत्तर देत नाही.

ते माणूस तिथे आहे. आपल्याकडे आंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना तेडागर म्हणतात. तेडवा जाणारी, म्हणजे घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी. किती सुंदर शब्द आहे! या गावच्या तेडागर बेन सकाळी दोन पोरं कडेवर आणि चार मागे अशा येतात. त्यांना गाणी शेकड्यानं येतात, पण "मी शिकवणारी नाही" म्हणून त्या कोपऱ्यात बसतात. एका टीव्हीच्या पैशात या दोघींसारख्या किती बायकांचं प्रशिक्षण होईल, याचा हिशोब कुणीतरी बोर्ड मीटिंगमध्ये मांडायला हवा. मी मांडला.

सोलरचंही थोडं स्पष्ट लिहितो, कारण अनेक क्लब सध्या हे करताहेत आणि करावंच. आपल्याकडे ऊन भरपूर. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. बडोद्याजवळ कालव्यावर पॅनल टाकून 10 मेगावॅटचा प्रकल्प 2015 मध्ये झाला, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण आधी बघा, विचारा. गावांच्या विजेसाठी आलेल्या ज्योतिग्राम योजनेनंतर गुजरातच्या गावांत घरगुती वीज जवळपास दिवसभर असते. तिथे बॅटरी कशाला? बॅटरी हीच सगळ्यात आधी मरते आणि सगळ्यात महाग पडते. ग्रिडला जोडलेलं, नेट मीटरचं सोलर बसवा, जास्तीची वीज बाहेर जाते आणि बिल उतरतं. फक्त लोकांना आधीच सांगा की लाइन गेली की हे सोलरही बंद होतं. लाइनमन खांबावर असताना खालून वीज जाऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हे न सांगितल्यानं "ऊन डोक्यावर आणि पंखा बंद, फसवलं आम्हाला" असं मी ऐकलं आहे. आणि पॅनलच्याही आधी पंखे बदला. जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. नुसत्या पंख्यांनी निम्म्याहून जास्त काम होतं, पण पंख्यापाशी फोटो चांगला येत नाही.

मीटिंगमध्ये एका ज्येष्ठ मित्रानं मला विचारलं, "भाऊ, डिस्टिल्ड वॉटरला देणगी कोण देणार? लोक नव्या वस्तूला पैसे देतात." त्यांचा मुद्दा खरा आहे, मी उडवून लावत नाही. मी स्वतः वीस वर्षं देणग्या गोळा केल्या आहेत. पण देणगीदाराला आपण कधी विचारलंच नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा याच शहरानं फावडी, फिनाइल आणि कोरडे कपडे दिले, कुणी पावतीसुद्धा मागितली नाही. गरज नीट दाखवली की लोक देतात.

मी क्लबपुढे लेखी ठेवलं आहे ते एवढंच. नव्या कामाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंधरा देखभालीसाठी वेगळ्या खात्यात, आणि ते पुढच्या प्रेसिडेंटला दुसरीकडे वळवता येणार नाहीत. प्रत्येक कामाला तीन वर्षांसाठी एक पालक सदस्य, त्याचाच फोन नंबर भिंतीवर. आणि जुनी सगळी कामं पाहून होईपर्यंत या वर्षी नवं उद्घाटन नको. शेवटच्या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली. काही जण नाराज आहेत. माझं मत बदललेलं नाही, कारण ती पुठ्ठ्यानं वारा घालणारी बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वाघोड्याच्या त्या आंगणवाडीचा पालक सदस्य मी झालो आहे. पंखे परत मेनलाइनवर घेतले, अर्ध्या तासाचं काम होतं. सरपंचांना विचारून फांदी छाटली. परवा पहाटे तेडागर बेन माझ्यासोबत गच्चीवर आल्या. पॅनल कोवळ्या उन्हातच पुसायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते, एवढं त्यांना सांगितलं. त्यांनी पदर खोचला, पाटी पुसायचं तेच फडकं पिळून घेतलं आणि एका कडेनं पुसत गेल्या. पुसता पुसता गाणं म्हणत होत्या. खालून दोन पोरांनी तेच गाणं उचललं.

बॅटरी काढून ग्रिडला जोडायचं काम बाकी आहे, कागदपत्रं सुरू केली आहेत. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला बडोद्याच्या काला घोड्यापासून परत निघतोय. बायको चिंचोके आणि राजमा घेऊन सोबत आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर खाली लिहा.