दोन इंजिनांचा आग्रह शिकाऊ वैमानिकासाठी कशाला?
चेतक-चीताच्या जागी येणारे प्रशिक्षणाचे हेलिकॉप्टर दोन इंजिनांचेच हवे, कारण इंजिन बंद पडणे हा शिकाऊ मुलाला सर्वात मोठा धोका, हे लेखातले वाक्य मला अजिबात पटले नाही. मी लष्करात तंत्रज्ञ होतो, नाशिकला चीतावर बरीच वर्षे काम केले, आता कळव्यात असतो. इंजिन गेले की कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन बदलणारा दांडा) लगेच खाली घ्यायचा, खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवायचा, जमिनीजवळ नाक उचलून वेग मारायचा. हे ऑटोरोटेशन अंगात भिनावे लागते, आणि ते शिकायला एका इंजिनाचे हलके यंत्रच बरे. मुले दिवसभर असे उतरायची, संध्याकाळी मी वाकून स्किडखालच्या (चाकांऐवजी असलेल्या लांब नळ्यांखालच्या) झिजलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवून बघायचो. हात कापेल इतकी धार आलेली असायची.

1972 साली फ्रेंच चाचणी वैमानिक जाँ बूले यांनी लामा, म्हणजे आपला चीताच, 12,442 मीटरवर नेला. तिथे इंजिन विझले आणि ते ऑटोरोटेशनवर जमिनीपर्यंत सुखरूप आले! हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे (एचएएल) नवे हलके हेलिकॉप्टर एलयूएच (पहिले उड्डाण 2016) एकाच इंजिनाचे आहे, त्यात मला काही उणे दिसत नाही. समुद्रावरच्या कामाला दोन इंजिने जरूर घ्या. पण शाळेत दुसऱ्या इंजिनाचे वजन, इंधन आणि देखभालीचे तास वाढले की मुलांचे उड्डाणाचे तास कमी होतात. लेखात याचा हिशेबच नाही.